शेजारी बसण्याचं काम : नव्या स्वयंसेवकांसाठी

कॉलेज किंवा नोकरीच्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या मुलांसाठी काहीतरी करावं असं वाटणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात आधी एक भाषण तयार असतं. माझ्याही होतं. स्वतःच्या कष्टांची गोष्ट, दोन-तीन थोरांची उदाहरणं, शेवटी "तूही करू शकतोस". ज्या मुलापुढे मी ते पहिल्यांदा केलं, त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ते ठीक आहे, पण फॉर्मवर पालकाची सही मागितलीय, तिथे मी काय करू?" वडील घर सोडून गेलेले, आई आजारी आणि दुसरीकडे. मला उत्तर ठाऊक नव्हतं. ते शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले. त्याला माझा जो काही उपयोग झाला, तो त्या तीन आठवड्यांत. भाषणातलं त्याला काही आठवत नाही. मी विचारून बघितलंय.

इथे ज्या मुलांबद्दल बोलतोय ती साधारण 15 ते 22 वयाची. शाळा मध्येच सुटलेली, बालगृहातून 18 पूर्ण झाल्यावर बाहेर पडलेली, घरात व्यसन किंवा मारहाण बघत वाढलेली, पोलीस-कोर्टाशी एकदा संबंध आलेली, किंवा यातलं काहीच नाही पण घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणीच नाही अशी. संस्थांच्या कागदांवर यांना 'जोखीमग्रस्त युवा' म्हणतात. हा शब्द कागदावरच राहू द्या. मुलांसमोर चुकूनही वापरू नका, त्यांच्या पाठीमागेही शक्यतो नको. सवय लागते आणि मग तोंडातून निघून जातो.

1. आधी स्वतःचं कॅलेंडर उघडा

पहिला प्रश्न स्वतःला : पुढचं एक वर्ष, आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास ठरल्या वेळी देता येतील का? बदली व्हायची आहे, परीक्षा आहे, घरात बाळ येणार आहे, तर आत्ता हे काम घेऊ नका. एखाद्या दिवसाच्या शिबिराला मदत करा, फॉर्म तपासून द्या, संस्थेचे हिशेब बघा. एका मुलाची एकट्याने जबाबदारी मात्र घेऊ नका.

हे मी अति सावधपणाने म्हणत नाही. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था 1904 पासून हेच काम करते. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातल्या एका कारकुनाने तिची सुरुवात केली. कल्पना साधी, एका मुलामागे एक मोठा माणूस. या संस्थेतल्या जोड्यांची माहिती घेऊन ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोन संशोधक बाईंनी 2002 साली किती टिकलेल्या जोडीचा किती उपयोग होतो ते तपासलं. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमधली मुलं मात्र स्वतःला आधीपेक्षाही कमी लेखायला लागली होती. म्हणजे अर्ध्यात सोडणारा माणूस मुलाला होता तिथेच ठेवून जात नाही, दोन पायऱ्या खाली ढकलून जातो. या मुलांना सोडून जाणाऱ्यांचा अनुभव आधीच भरपूर असतो. तुम्ही त्या यादीत भर घालता.

दुसरी पायरी यातूनच निघते.

2. एकट्याने सुरू करू नका

गल्लीतल्या मुलाला परस्पर हाताशी धरून मदत करणं मनाला छान वाटतं, पण नवख्याने तसं करू नये. एखाद्या संस्थेत, शाळेत किंवा ग्रंथालयाच्या उपक्रमात नाव नोंदवा. चांगली संस्था तुमची चौकशी करेल, ओळखपत्र आणि पूर्वीचं रेकॉर्ड मागेल, दोन माणसांचे संदर्भ विचारेल, प्रशिक्षणाला बसवेल. यातलं काहीच न विचारता "या, उद्यापासून सुरू करा" म्हणणारी संस्था मला तरी संशयास्पद वाटते. तुम्हाला विचारलं नाही, म्हणजे कोणालाच विचारत नसणार.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलंय. तुमच्याएवढी उंची असलेला, दाढी फुटलेला 17 वर्षांचा मुलगाही त्यात येतो. तेव्हा नियम सांभाळा : भेट उघड्या जागी, जिथे येता-जाता लोक बघू शकतात. स्वतःच्या घरी नाही, बंद खोलीत नाही, गाडीत दोघेच नाही. मुलाचे फोटो काढून सोशल मीडियावर टाकायचे नाहीत, "माझा विद्यार्थी" म्हणून तर मुळीच नाही. पैसे उसने द्यायचे नाहीत. गरज खरी असेल तर संस्थेमार्फत. मेसेज रात्री उशिरा करायचे नाहीत आणि जे होतील ते संस्थेला दाखवता येतील असे असावेत.

आणि एक वाक्य पहिल्याच भेटीत सांगून टाका : "तू सांगितलेलं मी इकडे-तिकडे बोलणार नाही. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला ते संस्थेत सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला तसं सांगेन." हे आधी न बोलता "कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊन बसलेले स्वयंसेवक पुढे फार वाईट कात्रीत सापडतात.

चांगला हेतू पुरेसा नसतो याचं सगळ्यात बोचरं उदाहरण केंब्रिज-सॉमरव्हिलचं. मॅसॅच्युसेट्समधल्या या दोन गावांत 1939 ला प्रयोग सुरू झाला. 506 मुलगे, निम्म्यांना पाच वर्षांच्या आसपास समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, डॉक्टर सगळं मिळालं, निम्म्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या सगळ्यांचा माग काढला. 1978 साली छापलेला निष्कर्ष असा की मदत मिळालेले पुरुष अनेक बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होते. त्यातल्या कित्येकांनी तरीही त्या कार्यक्रमाची आठवण प्रेमाने सांगितली. मुलं आपल्यावर खूश आहेत, यावरून आपलं बरं चाललंय असा अर्थ काढू नका, एवढं मी त्यातून घेतलं.

3. पहिल्या चार भेटी : काही सुधारायचं नाही

पहिल्या भेटीत ध्येय विचारू नका. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस?" या प्रश्नाला पुढच्या पाच दिवसांचा भरवसा नसलेलं मूल काय उत्तर देणार? ते तुम्हाला आवडेल ते बोलतं. इंजिनीयर, पोलीस, डॉक्टर. आणि मग तुम्ही त्या उत्तरावर योजना उभारता.

त्याऐवजी कालचा दिवस विचारा. किती वाजता उठला, आधी काय केलं, कोणाला जेवू घातलं, कुठे गेला, झोपला कधी. एका मुलीने अशा गप्पांत सहज सांगितलं की ती रोज पहाटे दोन धाकट्या भावंडांना आवरून शाळेत सोडते, म्हणून तिला सकाळचं कॉलेज जमणार नाही. हे कुठल्याही करिअर-चाचणीत कळलं नसतं. शिवाय तिच्याकडे वेळेचं भान आहे, जबाबदारी आहे, दोन लहान मुलांना सांभाळायची हातोटी आहे, हेही त्यातच कळलं. पुढे बायोडेटामध्ये आम्ही ते लिहिलं. तिने आधी खोडलं होतं, "हे काय काम आहे का?" म्हणून.

घाबरवू नका. "असाच राहिलास तर तुरुंगात जाशील" ही पद्धत लोकांना अजून प्रभावी वाटते. अमेरिकेत 1970 च्या दशकात मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम देण्याचे कार्यक्रम फार गाजले. पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तर दम खाऊन आलेल्या मुलांकडून नंतर जास्त गुन्हे घडले होते, ज्यांना असं कुठे नेलंच नव्हतं त्या मुलांपेक्षा.

मूल भेटीला आलं नाही तरी तुम्ही मात्र ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जाऊन बसा. अर्धा तास थांबा. मग एक साधा मेसेज : "आज आलो होतो. पुढच्या बुधवारी पाचला पुन्हा येतो." टोमणा नाही, प्रश्नचिन्ह नाही. एका मुलाने मला लागोपाठ तीन बुधवार असं बसवलं. चौथ्या बुधवारी आला आणि म्हणाला, "बघत होतो." काय बघत होता ते मी विचारलं नाही.

4. फाईल

माझ्या मते सगळ्या कामाचा निम्मा भाग इथे आहे, आणि कुठल्याच पुस्तिकेत त्याला अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा मिळत नाही.

एक प्लास्टिकची, बटणाची फाईल घ्या. पावसात भिजणार नाही अशी. तिच्यात मुलाचे सगळे कागद मुलाच्याच हाताने लावा : जन्माचा दाखला, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, प्रत्येक इयत्तेची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, घरच्या उत्पन्नाचा कागद, असल्यास कोर्टाचा किंवा बालगृहाचा आदेश, पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो. जे नाही त्याच्या जागी कोरा कागद लावून त्यावर लिहा, काय नाही आणि ते कुठे मिळतं. कोऱ्या कागदांची ती गड्डी हीच तुमची पुढच्या महिन्याची कामाची यादी.

मग सगळे कागद टेबलावर ओळीने मांडून नाव वाचा. मोठ्याने, अक्षर न् अक्षर. एका मुलाच्या चार कागदांवर त्याचं नाव तीन प्रकारे होतं. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, एकीकडे शेवटी, एकीकडे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे. त्याला हे आधीपासून माहीत होतं. याच कारणाने एका खिडकीवरून त्याला परत पाठवलं होतं, तेव्हापासून तो कुठल्याच खिडकीवर गेला नव्हता. घरच्यांना मात्र सांगितलं होतं की "मला शिकायचंच नाही". वर्षभर सगळ्यांनी त्याला आळशी धरलं. अडलं होतं एका अक्षरावर.

चुका दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून ही पायरी प्रवेशाच्या आधी निदान सहा महिने घ्या.

कागदांइतकंच दुसरं काम फोन नंबर आणि ईमेलचं. या मुलांचे नंबर बदलत राहतात. रिचार्ज संपतो, फोन गहाण पडतो, सिम भावाकडे जातं. आणि सगळे ओटीपी, सगळी पत्रं त्याच नंबरावर येणार असतात. मुलाच्या नावाने एक सरळसाधा ईमेल काढा, पासवर्ड त्यालाच ठरवू दे, त्यालाच वहीत लिहू दे. तुमचा नंबर फॉर्मवर टाकण्याचा मोह होईल. टाकू नका. एकदा मी टाकला होता, आणि प्रवेशाची यादी लागल्याचा मेसेज मी कामात असताना आला, मी तो संध्याकाळी पाहिला. जागा टिकली, पण माझ्या हातापायाला घाम फुटला होता. तेव्हापासून नाही.

फॉर्म भरताना शेजारी बसा, पेन त्याच्या हातात. हे शेजारी बसणं किती मोलाचं असतं, याचा एक पुरावा माझ्याकडे नेहमी तयार असतो. अमेरिकेत कॉलेजच्या आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज कुप्रसिद्ध किचकट होता. एरिक बेटिंगर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथल्या तिथे तो अर्ज भरून दिला. करासाठी दिलेल्या माहितीतून बराच भाग आपोआप भरला जात होता, उरलेल्याला दहाएक मिनिटं. दुसऱ्या एका गटाला किती मदत मिळू शकते याचा फक्त हिशेब आणि माहिती दिली. 2012 साली निकाल छापला : अर्ज भरून मिळालेल्या घरांतल्या शाळा संपवणाऱ्या मुलांमध्ये पुढच्या तीन वर्षांत किमान दोन वर्षं कॉलेज केलेल्यांचं प्रमाण 28 टक्क्यांवरून 36 वर गेलं. नुसती माहिती मिळालेल्यांमध्ये फरक काहीच पडला नाही.

म्हणून मी नव्या स्वयंसेवकांना सांगतो, माहितीपत्रकं वाटू नका. ती छापायला लागणारा वेळ एका मुलाशेजारी घालवा.

5. कुठे जायचं : दोन पानी हिशेब

कॉलेज हाच एक मार्ग मानून चालू नका. पदवी, दीड-दोन वर्षांचा कौशल्य-अभ्यासक्रम, शिकाऊ उमेदवारी, आधी नोकरी मग शिक्षण, यातलं काहीही योग्य असू शकतं. आपण स्वतः पदवीधर असतो म्हणून नकळत मुलाला तिकडे ओढतो.

एक कागद उभा दुमडा. प्रत्येक पर्यायाखाली चार ओळी : एकूण खर्च, घरी येणारे पैसे किती महिने थांबतील, रोजचा प्रवास किती तासांचा, आणि संपल्यावर कोणतं काम मिळतं. फीमध्ये पुस्तकं, प्रवास, गणवेश, यंत्राचं साहित्य, परीक्षेची वेगळी फी, राहण्याचं डिपॉझिट हे सगळं धरा. जाहिरातीत एकच आकडा असतो. दुसऱ्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण घरचे "शिकू नको" म्हणत नाहीत, ते "मग घर कोण चालवणार" म्हणतात, आणि तो प्रश्न रास्त असतो. घरच्यांना या बैठकीला बोलवा. त्यांना डावलून केलेली योजना पहिल्या आजारपणात मोडते.

शेवटच्या ओळीसाठी संकेतस्थळ पुरत नाही. तो अभ्यासक्रम मागच्या वर्षी पूर्ण केलेल्या दोघांना गाठा आणि ते आत्ता काय करतात ते विचारा. संस्थेने अशी दोन नावंही द्यायला टाळाटाळ केली, तर उत्तर मिळालं. आणि "शिष्यवृत्ती नक्की मिळवून देतो, आधी इतके भरा" म्हणणारा भेटला की उठून यायचं, हे मुलाला आधीच शिकवून ठेवा.

हा कागद पूर्ण झाला की निर्णय मुलाचा. तुम्हाला पटला नाही तरी.

मग शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या. अर्जाची मुदत, तिच्याआधी दाखला मिळायला लागणारे दिवस, त्याआधी नाव दुरुस्ती, त्याआधी सहीसाठी आईची सुट्टी. प्रत्येक कामापुढे नुसती तारीख नको. वार, वेळ, जागा आणि सोबत कोण, हेही लिहा. "दाखला आणायचा" आणि "मंगळवारी साडेदहाला मावशीबरोबर जाऊन दाखला आणायचा" यांत जे अंतर असतं, त्यात वर्ष जातं.

6. अभ्यास आणि लिखाण

तुम्ही शिकवणी घेणारे नाही, तेव्हा यावर थोडक्यात. वाचन आणि साधं गणित कच्चं असेल तर त्यासाठी वेगळा माणूस शोधून द्या. तुम्ही फक्त अर्ज, पत्र, बायोडेटा बघा.

लाल पेनाने सगळं रंगवू नका, आणि उगाच "छान" म्हणूनही परत देऊ नका. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला 2014 चा एक प्रयोग आहे. सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी तपासले, शेरे दिले. निम्म्यांच्या वहीत एक चिठ्ठी जोडली, तिचा मतलब असा : मी हे शेरे देतोय कारण तुझ्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे आणि तू ती गाठशील हे मला माहीत आहे. कृष्णवर्णीय मुलांमध्ये निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण 17 टक्क्यांवरून 71 वर गेलं. शिक्षकांवर ज्यांचा मुळात विश्वास कमी, त्यांच्यावर परिणाम जास्त. आता ही चिठ्ठी पाठ करून प्रत्येकाला चिकटवू नका, मुलांना नक्कल लगेच कळते. एका वेळी दोनच चुका दाखवा आणि का दाखवतोय ते सांगा.

7. प्रवेश मिळाल्यानंतरचे दोन महिने

प्रवेश मिळतो, फोटो काढतो, स्वयंसेवक खूश होऊन जरा सैल पडतो. आणि पहिल्या दिवशी मूल वर्गात नसतं.

अमेरिकेत या गळतीला वेगळं नावच आहे. बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांच्या अभ्यासांनुसार तिथे कॉलेजला जायचं पक्कं ठरवलेल्या मुलांपैकी 10 ते 20 टक्के मुलं मधल्या उन्हाळ्यात गळतात, आणि गरीब घरांतली जास्त. कारणं मोठी नसतात. डिपॉझिटची तारीख कळली नाही, वैद्यकीय तपासणीचा फॉर्म समजला नाही, राहण्याच्या जागेचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. शाळेची जबाबदारी संपलेली असते, कॉलेजची सुरू झालेली नसते. मध्ये कोणीच नसतं. या दोघांनी मुलांना वेळेवर मोबाईलवर आठवण करून देणारे मेसेज पाठवून आणि मदतीला माणूस देऊन काही ठिकाणी ही गळती कमी करून दाखवली. पण नंतर अशाच मेसेजची मोहीम 8 लाखांहून जास्त विद्यार्थ्यांवर केली गेली, तेव्हा काहीच परिणाम दिसला नाही. ओळखीच्या माणसाच्या मेसेजला उत्तर देता येतं, आणि त्या उत्तराला पुन्हा उत्तर येतं. बहुधा तोच फरक असावा, असं मला वाटतं.

तेव्हा या दोन महिन्यांत भेटी वाढवा. एकदा बरोबर जाऊन कॉलेजचा रस्ता, बस, वर्ग, स्वच्छतागृह, फी भरायची खिडकी, ग्रंथालय बघून या. खरंच, स्वच्छतागृहसुद्धा, एका मुलीने पहिला आठवडा तेवढ्यासाठी पाणी न पिता काढला होता. पहिल्या दिवशी कोणाला काय विचारायचं, त्याची दोन वाक्यं घोकून घ्या.

8. कामाची तयारी

वयापासून सुरुवात करा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1973 च्या 138 क्रमांकाच्या करारात कामाचं किमान वय साधारण 15 आणि धोकादायक कामासाठी 18 ठरवलंय; देशोदेशीचे कायदे त्याहून कडक असू शकतात. तुमच्या उत्साहापोटी अल्पवयीन मुलाला यंत्रावर किंवा रात्रपाळीला उभं करू नका.

नोकरी शोधताना आपण आधी जाहिराती बघतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलेली गोष्ट इथे कामाची आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, तो ओळखीचा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच, बातमी येते लांबच्या ओळखीतून. या मुलांकडे जवळची माणसं असतात, लांबच्या ओळखी नसतात. त्या तुमच्याकडे आहेत. तुमच्या जुन्या सहकाऱ्याकडे मुलाला अर्धा तास नेऊन बसवा. नोकरी मागायची नाही, काम कसं चालतं एवढंच विचारायचं. निघताना मुलानेच आभार मानायचे आणि नंबर घ्यायचा.

इंटरव्ह्यूचा सराव तीनदा, आणि तीन वेगवेगळ्या माणसांसमोर. "स्वतःबद्दल सांगा" यावर बहुतेक मुलं गप्प होतात, कारण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं सगळं लपवायचं असतं. शाळा का सुटली, मधली दोन वर्षं कुठे गेली, यावर खोटं शिकवू नका. दोन वाक्यांचं खरं उत्तर बसवा : "घरी अडचण होती म्हणून शिक्षण थांबलं. आता ती मार्गी लागली आहे आणि मी सलग चार महिने क्लासला येतोय." तिथे थांबायचं. जास्त तपशील मागायचा त्यांना हक्क नाही आणि द्यायची याला गरज नाही.

फोनवर बोलायचा सराव वेगळा घ्या. ही मुलं अनोळखी नंबर उचलत नाहीत. त्यांच्या अनुभवात अनोळखी नंबर म्हणजे वसुलीवाला किंवा भानगड. अर्ज केल्यावर मात्र उचलावाच लागतो. आणि "आज येऊ शकत नाही" हे शिफ्टच्या आधी कळवणं. आपल्याला यात शिकवण्यासारखं काही वाटत नाही, पण माझ्या पाहण्यातल्या पहिल्या नोकऱ्या कामातल्या चुकीने कमी आणि न कळवलेल्या सुट्टीने जास्त सुटल्या. एक दिवस आजारी पडला, कळवायची लाज वाटली, दुसऱ्या दिवशी लाज दुप्पट, तिसऱ्या दिवशी जायचंच बंद. हा तिसरा दिवस येण्याआधी तुमचा फोन गेला पाहिजे.

पहिला पगार हातात आला की पगारपत्रक दोघांनी मिळून वाचा : किती तास, काय कापलं, का कापलं. घरी किती द्यायचे हेही पगाराआधी ठरलेलं बरं. आधी न ठरवलेल्या पगारातून मुलाच्या हाती काहीच उरत नाही, आणि दुसऱ्या महिन्यात कामावरचं मन उडतं.

कामाचा परिणाम पगाराच्या पलीकडेही जातो. शिकागोत 2012 च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त वस्त्यांमधल्या शाळांतल्या मुलांना 8 आठवड्यांचं अर्धवेळ काम आणि सोबत एक मोठा माणूस दिला गेला. सारा हेलर यांनी 2014 मध्ये छापलेल्या निकालानुसार पुढच्या 16 महिन्यांत या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका 43 टक्क्यांनी कमी झाल्या. घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या काळात दिसली.

9. बिनसतं तेव्हा

बिनसणारच. परीक्षा बुडेल, नोकरी जाईल, मूल महिनाभर गायब होईल. परत आलं की "इतके दिवस कुठे होतास?" हा पहिला प्रश्न नको. फाईल काढा, कुठवर आलो होतो ते बघा, पुढचं एक काम ठरवा. कारण नंतर कळतं, किंवा कळत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मारहाण, लैंगिक अत्याचार, नशा, स्वतःला इजा करण्याचं बोलणं. आत्महत्येचा संशय आला तर सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच तासाला संस्थेतल्या जबाबदार माणसाला फोन करा. जिवाला धोका दिसत असेल तर आधी तातडीच्या सेवेला. स्वतः समुपदेशक होऊ नका. नवख्यांना हीच वेळ आपल्या कसोटीची वाटते आणि ते रात्र-रात्र बोलत बसतात. तुमचं काम दार उघडून देण्याचं, आत पोचेपर्यंत बरोबर चालण्याचं.

स्वतःसाठीही महिन्यातून एकदा संस्थेतल्या अनुभवी माणसाशी बोला. घरी नेलेलं सगळं घरच्यांवर निघतं.

10. सोडताना

वर्ष संपत आलं की दोन महिने आधी सांगा, शेवटच्या भेटीत नाही. पुढे कोण हे त्याच्यासमोर ठरवा. नवा स्वयंसेवक येणार असेल तर एक भेट तिघांची करा.

शेवटच्या भेटीत फाईल पुन्हा टेबलावर उघडा. कोरे कागद किती उरले ते मोजा. कुठे तुमच्याकडे त्याच्या कागदांच्या प्रती, फोटो, स्कॅन असतील तर त्याच्यासमोर पुसून टाका. ईमेलचा पासवर्ड तुम्हाला कधी कळला असेल तर त्याला बदलायला लावा आणि तोवर तुम्ही पाठ फिरवून बसा.

तो पालकाच्या सहीवाला मुलगा मागच्या वर्षी, आम्ही भेटायचो त्याच ग्रंथालयात दिसला. शेजारी एक बारीकशी मुलगी बसली होती. चार कागद ओळीने मांडलेले, आणि तो तिला म्हणत होता, "नाव वाच. नाही, मोठ्याने वाच."